एकेचाळीस पातेली फरसबी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, श्रीमती कांचन मनोहर आठल्ये, वय वर्षे ६९, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, मूळ राहणार पुणे, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया, आज दिनांक २ ऑक्टोबर २००८, नवरात्रातल्या तिसऱ्या माळेला, सकाळची पूजा आटोपून, जेवणाच्या टेबलावर बसून हा कागद लिहायला घेते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप बिघडली आहे, ती बदलायला २१ तारखेला मला इस्पितळात नेणार आहेत. डॉक्टर म्हणाले की काळजीचं कारण नाही. तसं तर ते यांच्या वेळीही म्हणाले होते. म्हणून, कुणी भरीला न घालता, माझ्यामागं कुणाला काय मिळावं ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवते.

कलम १. कोथरूडचं दोन खोल्यांचं घर यांच्यामागं माझ्या नावावर झालं आहे. ते मुलगी हिमानी हिला द्यावं. चारुदत्तला इथं घर आहे, त्यानं मनात काही आणू नये. हिमानीनं घर भाड्यानं दिलं तर भाडेकरूकडून नळाच्या तोट्या नव्या बसवून घ्याव्यात. १९९४ पासून गळताहेत.

कलम २. बँकेतल्या तिन्ही मुदत ठेवी दोघांत निम्म्यानिम्म्या. पावत्या माझ्या निळ्या वहीत शेवटच्या पानात आहेत. ती वही जपून ठेवावी असं मी सांगणार होते, पण आता सांगत नाही, का ते पुढं कळेल. पावत्या काढून घेऊन, वाचून झाल्यावर टाकली तरी चालेल.

कलम ३. मंगळसूत्र आणि मोत्यांच्या कुड्या सूनबाई ऋता हिला. तिनं माझं पुष्कळ केलं. भांडी यंत्रात घालून धुण्यावरून मी तिला सात वर्षं टोचून बोलले, ते शब्द मी मागं घेते. यंत्रात भांडी स्वच्छ निघतात. दोन पाटल्यांपैकी एक नात शिवांगी हिला. दुसरीचं कलम ६ मध्ये लिहिलं आहे.

कलम ४. माझा भाऊ जगन्नाथ याच्याकडं आईचा तांब्याचा बंब आहे. तो कुणी मागू नये. मी एकवीस वर्षं मागितला.

कलम ५. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा हिमानीकडं जावेत. ऋताला ऑफिस असतं, तिच्याच्यानं रोज पूजा होणार नाही आणि देवाला उपाशी ठेवू नये. अन्नपूर्णेची मूर्ती मला लग्नात माहेरून मिळाली. तिच्यासमोर मी बावन्न वर्षं नैवेद्य दाखवला आणि तिच्याचसमोर, हाकेच्या अंतरावर, पुढच्या कलमातलं केलं.

कलम ६. हे कलम मोठं आहे. मालमत्ता यात एकच पाटली आहे, बाकी माझी लाज आहे.

आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, अर्नेस्टीनबाई राहतात. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, काळ्या, विधवा, तीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक केलेल्या. त्यांचे वडील याच भागात दुसऱ्याच्या शेतावर राबत होते. आम्ही उभयता २००१ च्या उन्हाळ्यात इथं आलो. त्या सप्टेंबरात ते विमानांचं झालं, आणि दोन दिवसांनी दुकानाबाहेर एका माणसानं यांच्या टोपीकडं बघून काहीतरी ओरडून शिवी दिली. यांनी मला अर्थ सांगितला नाही. त्यानंतर आम्ही घराबाहेर पडेनासे झालो. चौथ्या दिवशी सकाळी दारात अर्नेस्टीनबाई उभ्या, हातात झाकलेलं निळं पातेलं. आत फरसबी होती.

ऋता संध्याकाळी घरी आली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "आई, इकडे शेंगा बेकन घालून शिजवतात हं. तासन्‌तास. सदर्न स्टाइल."

"बेकन म्हणजे?"

"पोर्क."

वास धुराचा होताच. मला तेवढं पुरलं. मी सगळी फरसबी सिंकमध्ये ओतली आणि सिंकखालच्या कचरा दळायच्या चक्कीचं बटण दाबलं. पातेलं चिंचेनं घासलं, मिठानं घासलं, साबणानं घासलं आणि वर गंगाजल शिंपडलं. तेच पातेलं एखाद्या गोऱ्या बाईचं असतं तर मी तीनदा घासलं असतं का, हे मी देवापुढं स्वतःला विचारलं आहे. उत्तर लिहायला हात धजत नाही, म्हणून प्रश्नच लिहिते.

आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी त्यात चकल्या घालून नेऊन दिल्या आणि माझ्या इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी टेस्टी." त्यांनी पातेल्यात पाहिलं. इतकं लख्ख पातेलं पाहून त्यांना काय वाटलं असेल ते मला पुढं कळलं. पुढच्या महिन्यात त्या पुन्हा शेंगा घेऊन आल्या. मी पुन्हा ओतल्या, या खेपेला शंकरपाळे दिले.

असं चार वर्षं चाललं. मी ती बाई, जी काल उरलेल्या भाताचं थालीपीठ लावते, जी दुधाच्या पिशवीत पाणी घालून ते पाणी कणकेत वापरते. घरात बाहेरून आलेली वस्तू वहीत लिहायची मला सवय आहे, म्हणजे परतफेड करता येते. 'अर्नेस्टीन, शेंगा, एक पातेलं' अशी नोंद निळ्या वहीत एकेचाळीस वेळा आहे. म्हणून म्हटलं, वही टाकली तरी चालेल.

यात काय असतं हे मी एकदाही विचारलं नाही. विचारणं म्हणजे अपमान, असं मी स्वतःला सांगत होते. ओतून देण्यात मात्र अपमान दिसला नाही, कारण तो कुणाला दिसत नव्हता.

२००६ च्या जानेवारीत यांचं हृदय थकलं. जेवण जाईना. मी वरणभात, मऊ खिचडी, ताकातली कढी, सगळं करून पाहिलं. एक दिवस म्हणाले, "त्या शेंगा कर ना. अर्नेस्टीनच्या."

मी म्हटलं, "तुम्हांला काय ठाऊक त्या कशा लागतात?"

"चार वर्षं खातोय. ती पातेलं द्यायला यायची तेव्हा तू पूजेत असायचीस. मी दोन वाट्या काढून गॅरेजमध्ये उभ्यानं खायचो. मग उरलेलं तू ओतायचीस."

मी म्हटलं, "अहो, त्यात डुक्कर असतं."

"नसतं. मी पहिल्याच दिवशी तिला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही लोक मांस खात नाही एवढं मला कळतं, म्हणून नवीन पातेलं विकत घेतलंय. धुराच्या वासाचं पाणी मिळतं बाटलीत, ते घालते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं? तुझं ठरलेलं होतं." मग म्हणाले, "शिवाय सांगितलं असतं तर माझ्या वाटणीला निम्म्याच आल्या असत्या."

त्या दुपारी मी शेजारी गेले. यांच्यासाठी शिकायचंय एवढंच बोलले. अर्नेस्टीनबाईंनी मला खुर्ची दिली, मांडीवर शेंगांची परात दिली. मी सवयीनं सुरी मागितली. आपण फरसबी बारीक चिरतो. त्या म्हणाल्या, "सुरी कशाला? घरात बिनदाताचं बाळ आहे का? हातानं मोड. मोडताना आवाज आला नाही तर ती शेंग शिळी." त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहिते आहे.

पद्धत अशी, आणि ही त्यांची आहे. दोन पौंड कोवळ्या शेंगा, शिरा काढून, बोटाएवढ्या मोडून. जाड बुडाच्या पातेल्यात लोण्यावर एक मोठा कांदा, तो तांबूस होईपर्यंत, घाई न करता. चार पाकळ्या लसूण ठेचून. मग शेंगा, त्या बुडतील इतकं पाणी, मीठ, भरपूर मिरपूड, चिमूटभर साखर, धुराच्या पाण्याचे पाच थेंब. झाकण थोडं तिरकं ठेवून मंद गॅसवर दोन तास. शेवटच्या अर्ध्या तासात सालासकट लहान बटाटे. बटाटे शिजत आले की चमचाभर व्हिनेगर. रंग हिरवा राहत नाही. मला वाटलं, जळल्या. त्या म्हणाल्या, "हिरव्या रंगात काय ठेवलंय? चव पाण्यात उतरायला वेळ लागतो, मग ती परत शेंगेत जायला लागतो."

शिजेपर्यंत त्यांनी वरच्या फळीकडं बोट केलं. तिथं माझ्या ओळखीचं निळं पातेलं होतं आणि त्यावर चिकटपट्टीवर इंग्रजीत माझं नाव. "यात मांस कधीच गेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू ते इतकं पुसून परत करायचीस की मी माझ्या बहिणीला फोनवर सांगायचे, या लोकांनी पातेलं चाटूनपुसून खाल्लंय."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान हलवली आणि हसले.

यांनी त्या रात्री वाटीभर शेंगा खाल्ल्या. दहा दिवसांनी गेले. त्यांचं शेवटचं चवीनं खाल्लेलं जेवण माझ्या घरचं नव्हतं, आणि त्याचं मला दुःख नाही.

त्यानंतरचं याहून वाईट आहे. २००७ च्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला मी या शेंगा करून नेल्या. अर्ध्या तासात भांडं रिकामं झालं. मंडळाच्या सीमाताई मागं लागल्या, "काकू, स्मरणिकेत रेसिपी द्याच. कुठं शिकलात?" मी खरं सांगितलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं की त्यांच्या घरातल्या भांड्यात शिजवलेलं तुम्ही खाता? या प्रश्नाला मी घाबरले. मी म्हटलं, "आमच्या सासूबाईंची पद्धत." तसंच छापून आलं, रंगीत फोटोसह: 'कै. यमुनाबाई आठल्ये यांची धुरकट फरसबी'. आमच्या सासूबाईंनी जन्मात कांद्याला तांबूस होऊ दिलं नाही. आणि मला तर कधी गोड शब्दही दिला नाही.

अर्नेस्टीनबाई चहाला आल्या तेव्हा स्मरणिका टेबलावर होती. फोटो त्यांनी लगेच ओळखला. चष्मा लावून पान जवळ धरलं आणि म्हणाल्या, "यात माझं नाव आहे का?"

मी म्हटलं, "यस."

"कुठं?"

मी सासूबाईंच्या नावावर बोट ठेवलं.

त्यांनी ते पान मागून घेतलं. गेलं वर्षभर ते त्यांच्या फ्रिजवर चर्चच्या चुंबकाखाली लावलेलं आहे. दर मंगळवारी मी त्यांच्याकडं जाते आणि फ्रिजकडं पाठ करून बसते. त्यांच्या चर्चचे लोक आले की त्या ते नाव बोटानं दाखवतात. यासाठी मी जास्तीच्या एकादश्या केल्या. पोट हलकं झालं, बाकी काही नाही.

सबब, दुसरी पाटली अर्नेस्टीनबाईंना द्यावी, आणि माझ्या मृत्यूनंतर शिवांगीनं हे कलम त्यांना इंग्रजीत वाचून दाखवावं.

कलम ७. (हे १४ ऑक्टोबरला लिहिते.) वरचा मजकूर मी शिवांगीला इंग्रजी प्रत करायला दिला होता. वकिलाला ती लागणार आहे. शिवांगी रविवारच्या मराठी शाळेत सात वर्षं गेली, वाचते सावकाश, पण वाचते. कलम ६ संपल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"आजी, हे मी तिला वाचून दाखवायचं? तू नसताना?"

"हो."

"नो. दॅट्स नॉट फेअर. ती रडली तर मी काय करू? तिला काही विचारायचं असेल तर कुणाला विचारणार? तू सेफ असशील, आणि मी तिच्या किचनमध्ये एकटी."

मी म्हटलं, "माझी छाती धडधडते गं."

ती म्हणाली, "मी येते सोबत. पण बोलायचं तू."

दसऱ्याला दुपारी आम्ही गेलो. अर्नेस्टीनबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी बसले नाही. माझ्या पस्तीस मार्कांच्या इंग्रजीत म्हणाले, "आय थ्रो. ऑल बीन्स. फोर इयर्स."

"काय फेकलंस?"

शिवांगीनं नीट सांगितलं. त्यांच्या हातात टॉवेल होता, त्याची त्यांनी पुरी घडी घातली.

"सगळ्या?"

"फॉर्टी वन टाइम्स."

"तू मोजल्यास?"

"यस."

"मोजल्यास, आणि तरी मला सांगितलं नाहीस." मग म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं मी फक्त त्या मनोहरसाठी रांधत होते. तो मात्र दर वेळी कुंपणापाशी येऊन सांगून जायचा, मीठ बरोबर होतं म्हणून."

हे मला ठाऊक नव्हतं.

मग मी फ्रिजकडं तोंड केलं आणि त्या पानाचं सांगितलं. त्या उठल्या, पान काढलं, सासूबाईंच्या नावावर अंगठा ठेवला. "हे कसं वाचायचं?"

"यमुनाबाई."

"या शेंगा ती करायची?"

"नो."

"तुझ्याशी चांगली होती?"

"नो."

"आणि तिला दिल्यास." त्यांनी पानाची घडी घातली आणि ते विजेच्या बिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. "आता घरी जा, मिस कांचन."

पाच दिवस झाले. त्या गाडी काढतात, आमच्या दाराकडं बघत नाहीत. मंगळवारचा चहा नाही. शिवांगी म्हणते, "आजी, शी हॅज अ राइट." मला ते पटतं. सीमाताईंना मी फोन करून पुढच्या स्मरणिकेत दुरुस्ती छापायला सांगितली आहे. त्या म्हणाल्या, "अहो काकू, एवढं काय त्यात? कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "मला कळतं. छापा." न छापल्यास चारुदत्तनं मंडळाची वर्गणी बंद करावी, ही माझी सूचना समजावी.

कलम ८. हे कलम मी त्याच दिवशी सायंकाळी, सर्वांसमोर, टेबलावर लिहिते आहे.

साक्षीदार म्हणून यांचे मित्र श्री. पुरुषोत्तम दाते सपत्नीक यायचे होते. वहिनींना ताप आल्यानं ते एकटेच आले. ते म्हणाले, "दुसरा साक्षीदार लागेल. आणि ज्याला यातून काही मिळणार आहे त्यानं सही न करणं बरं, उद्या कुणी बोट दाखवायला नको." चारुदत्त, ऋता, शिवांगी, तिघांनाही काही ना काही मिळतं.  ऋता मला न विचारता उठली आणि शेजारी गेली.

अर्नेस्टीनबाई कोट अंगावर ठेवूनच आल्या. बसल्या नाहीत. माझ्याकडं न बघता दात्यांना म्हणाल्या, "मला यात काय मिळतंय?"

"एक सोन्याची पाटली."

"खोडा. मला तिचं सोनं नको. मग सही करता येईल ना?"

दाते म्हणाले, येईल. मी कलम ६ मधली पाटली त्यांच्यासमोर रद्द करते. ती विकून येणारे पैसे त्यांच्या शाळेच्या मुदपाकखान्याला द्यावेत असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "ते तुझं तू बघ, माझ्या नावानं नको." म्हणून कुणाच्याही नावाविना द्यावेत.

मग त्यांनी खुर्ची ओढली. "तुमच्या अक्षरांपुढं मी एकदा फसलेय. पहिल्या ओळीपासून वाचा."

शिवांगीनं पाऊण तास इंग्रजी करत वाचलं. पातेलं घासण्याच्या वाक्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडं पाहिलं. अर्नेस्टीनबाई म्हणाल्या, "थांबू नकोस." तिनं ते वाक्य वाचलं, आणि त्यापुढचा प्रश्नही. त्यांनी कोटाचं एक बटण लावलं. शेंगांच्या पद्धतीपाशी मात्र त्यांनी हात वर केला. "व्हिनेगर गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर बटाटा कडक राहतो. हे मी तिला सांगितलं होतं." ही दुरुस्ती मी इथं नोंदवते, वरचं तेवढं चूक समजावं.

वाचन संपल्यावर चारुदत्तनं पाणी दिलं. त्या प्यायल्या नाहीत. मी म्हटलं, "अर्नेस्टीन, सॉरी." त्या म्हणाल्या, "ऐकलं मी. मनोहरनं माझ्या हातचं शेवटचं खाल्लं, म्हणून त्याच्या बायकोच्या कागदावर सही करते. तू बरी होऊन ये. पण एक वाक्य लिही, तुझ्या भाषेत, सगळ्यांना वाचता येईल असं."

त्यांनी सांगितलेलं वाक्य हे: 'अर्नेस्टीननं इथं सही केली आहे, म्हणजे तिनं माफ केलं आहे असं कुणी समजू नये.'

ते मी लिहिलं. लिहून कागद त्यांच्यापुढं केला. त्यांनी तो शिवांगीपुढं सरकवला आणि तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. मग पेन मागितलं.

येणेप्रमाणे हा कागद पुरा झाला. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. व्यवस्था पाहण्याचं काम चारुदत्तकडं. इंग्रजी प्रत आणि ही प्रत यांत फरक निघाल्यास ही खरी धरावी.

लिहून देणार:
(सही) कांचन मनोहर आठल्ये

वरील बाईंनी आमच्यादेखत, शुद्धीवर असताना सही केली. आम्हां दोघांनाही यातून काही मिळायचं नाही.

साक्षीदार १: (सही) पुरुषोत्तम दाते, निवृत्त अभियंता
साक्षीदार २: (इंग्रजीत सही) अर्नेस्टीन, शेजारीण

स्थळ: अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
दिनांक: १४ ऑक्टोबर २००८, कोजागिरी